हायड्रोजनच्या चार रेषा आणि ४.००१६

हायड्रोजन विरळ करून काचेच्या नळीत भरला आणि त्यातून वीज सोडली, की नळी गुलाबी उजळते. तो प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा मिळत नाही. काळोखात सुट्या रेषा दिसतात: एक लाल, एक निळसर हिरवी आणि दोन जांभळटाकडे झुकणाऱ्या.

स्वीडनच्या ॲंगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये या चारही रेषांच्या तरंगलांब्या प्रसिद्ध केल्या: मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात ६५६२.१०, ४८६०.७४, ४३४०.१ आणि ४१०१.२. (त्याच वर्षी १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत आले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, हे त्या दिवशी अनेक ठिकाणच्या निरीक्षकांनी पक्के केले.)

मोजमाप चोख होते, पण या आकड्यांचा मेळ लागेना. तो लावला स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या योहान बाल्मर यांनी, १८८५ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर. ३६४५.६ या एकाच संख्येला ९/५, १६/१२, २५/२१ आणि ३६/३२ यांनी गुणले की चारही रेषा हाती येतात. अंश ३, ४, ५, ६ यांचे वर्ग. छेद त्यातून ४ वजा करून. पुढचा अपूर्णांक ४९/४५. तिथेही रेषा असायला हवी, असे बाल्मर यांनी मांडले. ती आधीच सापडलेली आहे, हे त्यांना सहकारी हागेनबाख यांच्याकडून कळले. पदार्थविज्ञान म्हणून यात काहीच नव्हते, निव्वळ आकडेमोड होती. तरी ती चुकत नव्हती.

डेन्मार्कचे पदार्थवैज्ञानिक नील्स बोर यांचा जन्मही १८८५ चाच. १९१३ च्या सुरुवातीला एका मित्राने त्यांचे लक्ष बाल्मर यांच्या सूत्राकडे वेधले. बोर यांनी मांडले, की अणूच्या केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जेच्याच कक्षा मोकळ्या असतात, आणि वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत येताना ऊर्जेतला फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. तिसरीतून दुसरीत आला तर लाल रेषा, चौथीतून दुसरीत आला तर निळसर हिरवी.

माझ्या मते खरी कसोटी इथे नव्हतीच. माहीत असलेले सूत्र पुन्हा काढून दाखवणे तुलनेने सोपे. ती लागली अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांना १८९६ मध्ये एका ताऱ्यात सापडलेल्या रेषांवर. त्या सगळे हायड्रोजनच्याच समजत होते. १९१२ मध्ये फाउलर यांनी लंडनमध्ये हायड्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणात तशाच रेषा मिळवल्या. बोर म्हणाले, या हायड्रोजनच्या नव्हेत, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. मँचेस्टरला इव्हान्स यांनी हेलियम घेऊन प्रयोग केला. हायड्रोजनच्या नेहमीच्या रेषा उमटल्या नाहीत, वादातली रेषा मात्र उमटली.

फाउलर यांनी तरीही बोट ठेवले: तुमच्या हिशेबाने रेषांच्या सूत्रातल्या स्थिर संख्यांचे (हेलियमची भागिले हायड्रोजनची) गुणोत्तर बरोबर ४ यायला हवे, मोजणीत ४.००१६ येते. बोर यांनी हिशेब सुधारला. केंद्रक जागच्या जागी खिळलेले नसते. तेही इलेक्ट्रॉनबरोबर किंचित हलते, आणि हेलियमचे केंद्रक जड म्हणून कमी हलते. नवे उत्तर आले ४.००१६३.

तरी लाल रेषेचा प्रश्न उरलाच होता. ती एक नसून अगदी लगतच्या दोन रेषा आहेत, हे मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्येच पाहिले होते. बोर यांच्या मांडणीत त्याला जागा नव्हती. सोमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये सापेक्षतेचा आधार घेऊन त्याचा हिशेब लावला.