लेखकांची अर्कचित्रं : व्हिक्टोरियन मासिकांत हे सुरू कसं झालं
व्हिक्टोरियन लेखकांची अर्कचित्रं म्हटलं की सगळे थेट 'व्हॅनिटी फेअर' या लंडनच्या साप्ताहिकावर येतात, पण ही वाट त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधीच पडली होती. १८३० पासून लंडनच्या 'फ्रेझर्स मॅगझिन'मध्ये डॅनियल मॅक्लीज हा तरुण आयरिश चित्रकार टोपणनावाने एकेक साहित्यिक काढायचा, सोबतचा मजकूर बहुतेक विल्यम मॅगिनचा आणि तोही चांगलाच झोंबणारा. रंग नाहीत, नुसत्या रेषा. लेखिका हॅरिएट मार्टिनोचं चित्र बघाच, बाई शेकोटीपाशी बसल्यात आणि खांद्यावर मांजर! त्याच मालिकेत इतिहासकार-निबंधकार कार्लाइल बिनदाढीचा तरुण आहे.

मग १८६० नंतर कार्डाएवढे स्वस्त फोटो आले, लोक नामवंतांचे फोटो अल्बममध्ये जमवायला लागले, म्हणजे चेहरे ओळखीचे झाले, आणि चेहरा ओळखीचा असल्याशिवाय अर्कचित्राला मजाच नाही. थॉमस गिब्सन बोल्सने 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिक काढलं नोव्हेंबर १८६८ मध्ये, पण ते खरं गाजलं जानेवारी १८६९ मध्ये राजकारणी डिझरायलीचं रंगीत चित्र छापल्यावर. चित्रकार इटलीहून आलेला कार्लो पेलेग्रिनी, पुढे 'एप' नावाने सही करणारा. छपाई क्रोमोलिथोग्राफची, म्हणजे शिळाछापच पण एकेका रंगाला वेगळा दगड (आपल्याकडे रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रं याच तंत्राची).

एप माणसाला नीट न्याहाळायचा आणि मग बरंचसं आठवणीतून काढायचा, म्हणून त्याच्या चित्रांत उभं राहण्याची ढब, खांद्यांचा बाक हे सगळं बरोब्बर येतं. १८७० मध्ये त्याने कार्लाइल काढला, आता म्हातारा आणि दाढीवाला, नंतर टेनिसन, ब्राउनिंग, १८८४ मध्ये ऑस्कर वाइल्ड.

१८७३ पासून लेस्ली वॉर्ड उर्फ 'स्पाय' आला. त्याने काढलेला कादंबरीकार ट्रॉलप, ती झुपकेदार दाढी, चष्मा, हातात सिगार, बघून ट्रॉलप जाम भडकला होता. पण पुढे पुढे स्पायची चित्रं मवाळ होत गेली, लोकांना त्यात झळकणं मानाचं वाटायला लागलं आणि अर्कचित्राचं पोर्ट्रेट झालं. १८९२ चा हार्डी, १८९४ चा आपल्या मुंबईत जन्मलेला किपलिंग, दोन्ही सुरेख आहेत पण मला तरी एपची धार त्यात दिसत नाही. ती धार १८९६ मध्ये तरुण मॅक्स बीअरबोमने काढलेल्या जॉर्ज मेरेडिथमध्ये पुन्हा दिसते.