घराण्यातली गुपितं आणि वंशावळीचा शोध (सोलापूर)

आपल्या घराण्याची वंशावळ, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या मागची नावं, लग्नं, जन्म-मृत्यू हे सगळं कागदपत्रांवरून आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून लावत जाणं, आणि ते लावताना घरात कधीच कुणी बोललं नव्हतं अशी गोष्ट हाताला लागणं, याबद्दल ही नोंद आहे. सोलापुरात हौस म्हणून हे करणारे थोडे. बाकीचे गरजेपोटी यात पडतात. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो, शिवाय वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, त्यामुळे पोराच्या ॲडमिशनसाठी म्हणून बाप तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जातो आणि आजोबांचा दाखला शोधता शोधता आजोबांची दुसरी बायको सापडते.

कागद तसे ठरलेलेच. सातबारा, फेरफार, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. या सगळ्यात गुपितं फोडणारा कागद कुठला म्हणाल तर फेरफार. माणूस मेला की वारसांची नावं एकाखाली एक लिहायला लागतात आणि तिथे जमिनीचा प्रश्न असल्यामुळे कुणी कुणाला गाळू देत नाही, घरात जिचं नाव काढत नाहीत ती बाई तिथे बरोबर 'पत्नी' म्हणून बसलेली असते. नावापुढे 'अ.पा.क.' असं दिसलं तर थांबून बघायचं. त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस तेव्हा लहान होता आणि त्याच्या वतीने कुणीतरी मोठं माणूस होतं. ते मोठं माणूस आई नसून चुलता किंवा मामा असेल, तर आई कुठे गेली हा प्रश्न तिथून सुरू होतो. ती वारली असेल, तिने पाट लावला असेल, नाहीतर तिला माहेरी धाडून दिलं असेल. मुंबई इलाख्यात हिंदूंना एक बायको असताना दुसरी करायला बंदी आली ती 1946 च्या कायद्याने, त्याच्या आधी दोन घरं असणं कायद्याने गुन्हा नव्हता, त्यामुळे कागदात ते सरळ लिहिलेलं असतं. लपवलं ते नंतरच्या पिढीने.

सोलापूरचं वेगळेपण असं की इथे गुपित पुष्कळदा भाषेत आणि लिपीत अडकलेलं असतं. 1877 ला जुनी मिल निघाली, पुढे आणखी गिरण्या झाल्या, हातमाग वाढले, आणि तेलंगणातून विणकर कुटुंबंच्या कुटुंबं इथे आली. तेलुगूत आडनावाला इंटिपेरू म्हणतात, ते मराठी कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकाच बापाच्या दोन पोरांची आडनावं कागदावर वेगळी दिसतात आणि नातवंडांना वाटतं काहीतरी भानगड आहे. भानगड काही नसते. उलट खरी भानगड असते ती आजी तेलुगूत किंवा कन्नडात बोलून टाकते आणि मराठी मीडियमच्या नातवाला ती कळत नाही. जुने महसुली कागद मोडीत. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा ही गावं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे एका घराण्याची सोलापूरकडची शाखा मोडीत सापडते आणि सोयरीक झालेली तिकडची शाखा उर्दूत. आजोबा मोडी वाचायचे, वडिलांना येत नव्हतं, एवढ्या एका पिढीत घरातली पेटी बंद झाली. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या लोकांनी जेवढं मुद्दाम लपवलं त्यापेक्षा जास्त असं न वाचता येऊन लपलं.

मुद्दाम लपवलेल्यात सगळ्यात दुखरी गोष्ट सेटलमेंटची. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं आणि सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यालाच सेटलमेंट म्हणायचे, हजेरी द्यायला लागायची, परवानगीशिवाय बाहेर जाता यायचं नाही. 31 ऑगस्ट 1952 ला देशभरात तो कायदा गेला पण सेटलमेंटचा पत्ता सांगितला की समोरच्याचं तोंड बदलायचं, म्हणून कित्येकांनी मुलांना पत्ता दुसरा सांगितला, आडनाव बदललं, गावाचं नाव लावलं. त्यांच्या नातवांना हे पडताळणीचे कागद गोळा करताना कळतं. यात त्या घराची काय चूक, शरम वाटायचीच तर ती कायदा करणाऱ्यांना वाटायला पाहिजे होती.

कागदाबाहेरचे मार्गही आहेत. हेळवी येतात, सुगी झाल्यावर, वह्या घेऊन, अंगणात बसून घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, त्यांना धान्य आणि दक्षिणा द्यायची पद्धत आहे. कुणी दत्तक आला असेल तर तेही वाचताना निघतं, म्हणून हेळव्यासमोर घरातली म्हातारी माणसं जरा सावरून बसतात. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडेही गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे यात्रेकरूंच्या चोपड्या असतात, वारीला कोण कुणाबरोबर आलं ते त्यात सापडू शकतं. दोन्हीकडे पुरुषांची नावं जास्त.

पण मला विचाराल तर खरी वंशावळ पितृपक्षात ताटावर असते. घात चतुर्दशीला पान वाढतात ते शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्याचं. घरात 'तापाने गेला' असं सांगतात आणि श्राद्ध चतुर्दशीला घालतात, तर ताप खरा नाही. अविधवा नवमी असते सवाष्णपणी गेलेल्या बाईसाठी. आमच्या घरी आजी दरवर्षी नवमीला शेजारची एक सवाष्ण जेवायला बोलवायची, पुरणपोळी, हिरव्या बांगड्या, ओटी, सगळं व्यवस्थित, आम्हाला वाटायचं पणजीसाठी असेल. आजोबा गेले आणि पुढच्या वर्षीपासून ते बंद झालं. खूप वर्षांनी एका जाणत्या काकूंनी सांगितलं की नवमी बाईचा नवरा जिवंत असेपर्यंतच करतात, मग डोक्यात आलं की पणजोबा तर कधीच गेले होते, म्हणजे ही नवमी पणजीची नव्हतीच, जिचा नवरा आमचे आजोबा होते तिची होती. पुढे कोतवाल बुकात दोन ओळी मिळाल्या. एकीत आजोबांच्या नावापुढे नुसतं 'मुलगी', लेकराचं नाव नाही, आणि चार दिवसांनी मृत्यूच्या पानावर बायकोचं नाव, कारण बाळंतपण. आजीने सवतीचं पान एवढी वर्षं मांडलं आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं ते अजून सापडलेलं नाही, मृत्यूच्या पानांवर ती नाही.

हल्ली डीएनए टेस्टही लोक करतात, विशेषतः परदेशातली भावंडं. सख्ख्या भावंडांत सरासरी 50 टक्के, सावत्रांत 25, चुलत-मावस भावंडांत साडेबारा टक्के जुळतं. आकडा नातं सांगतो, ते कसं झालं ते सांगत नाही.

मिळालेली गोष्ट सांगायची कशी यावर लोकांची दोन मतं आहेत. माझं असं की फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फेरफारचा फोटो टाकू नये, आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ एकटं जाऊन बसावं, कारण नव्वद टक्के वेळा तिला ते माहीत असतं आणि तिने कुणाला तरी वचन दिलेलं असतं. 2005 पासून सगळ्याच हिंदू मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाबरोबरीचा हक्क आल्यावर तर हे आणखी नाजूक झालं, हरवलेली आत्या सापडली की जमिनीचं बोलणं निघतंच. शोधताना बाईचं माहेरचं नाव आणि सासरी बदललेलं नाव दोन्ही लिहून ठेवावं, एकच धरून बसलं की ती कागदात सापडत नाही. आमच्या वंशावळीच्या तक्त्यात आजोबांखाली आता चार चौकटी आहेत, तीन वडील आणि आत्या-काकांच्या आणि एक नुसती 'मुलगी' लिहिलेली.