मीठ सुटं झालं की वीज वाहते

मिठाच्या कोरड्या खड्याला बॅटरीच्या दोन तारा टेकवल्या, तर त्यांना जोडलेला छोटा बल्ब ढिम्म राहतो. शुद्ध पाण्यात तारा बुडवल्या तरी तेच. पण त्या पाण्यात चमचाभर मीठ ढवळा, बल्ब लागतो. एकेकटे नालायक ठरलेले दोघे एकत्र येताच वीज कशी काय वाहू लागते?

खरं तर वीज वाहणारे कण खड्यात आधीपासूनच असतात. मीठ बनलेलं असतं धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड आयनांचं, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचं. फक्त स्फटिकात ते जागच्या जागी जखडलेले असतात. ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळवलं, तर पाण्याच्या थेंबाशिवायही त्यातून वीज वाहते. पाणी हेच काम चुलीविना करतं. त्याचे रेणू आयनांना घेरून सुटे करतात.

पूर्वी समज असा होता, की विजेमुळेच क्षारांचे आयन वेगळे होतात. ते विरघळतानाच वेगळे होतात, हे म्हणणं स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांचं. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाने त्यांच्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. त्यातूनच वाढलेल्या सिद्धांताला १९०३ मध्ये नोबेल मिळालं. परीक्षकांचा कस लागतो तो अशा वेळी.

सुटे झालेले आयन धावतात म्हणावं, तर तसंही नाही. तारांमध्ये दर सेंटीमीटरला एक व्होल्ट असेल, तर सोडियम आयन तासाभरात जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतो. तरी बल्ब लगेच लागतो, कारण पाण्यातले सगळेच आयन एकदम सरकू लागतात. गंमत म्हणजे आकाराने मोठा असलेला क्लोराइड यात पुढे असतो, साधारण दीडपट वेगाने. चिमुकला सोडियम पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो आणि तो सगळा गोतावळा त्याला ओढत न्यावा लागतो.

तारेतले इलेक्ट्रॉन मात्र पाण्यात पोहत नाहीत. त्यांची देवघेव तारेच्या टोकाशीच, रासायनिक क्रियेने होते. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात. दाट मिठाच्या पाण्यात धन टोकाला क्लोरीन निघतो. तो विषारी आहे, तेव्हा बंद खोलीत हा प्रयोग लांबवू नये. कारखान्यांत मात्र हीच क्रिया मुद्दाम घडवतात: क्लोरीन आणि हायड्रोजन गोळा करतात, आणि मागे उरलेल्या द्रावणातून कॉस्टिक सोडा मिळवतात.