वर-खाली स्टिक म्हणजे आरामदायी कंट्रोलर?

जुळे सोलापूर असो की नवी पेठ, गेम खेळणाऱ्या पोरांत एक समज पक्का बसलाय: एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर स्टिक, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दोन छोट्या दांड्या, वर-खाली (डावी वर, उजवी खाली), म्हणून तो हाताला आरामाचा, प्लेस्टेशनच्या शेजारी-शेजारी, म्हणून अंगठा दुखतो.

तसं नाही. १९९४च्या प्लेस्टेशन कंट्रोलरला स्टिकच नव्हत्या; डाव्या अंगठ्याची हक्काची जागा दिशा-बटणांची होती. १९९७मध्ये स्टिक आल्या त्या उरलेल्या जागेत, खाली. फायटिंग गेम दिशा-बटणांवर खेळणाऱ्यांना आजही हीच मांडणी सोयीची. गोळीबाराच्या गेममध्ये मात्र डावी स्टिक वर असलेली बरी.

आणि २००१चा पहिला एक्सबॉक्स कंट्रोलर? स्टिक वर-खालीच, पण एवढा धिप्पाड की जपानसाठी छोटा बनवावा लागला. पुढे तोच सगळीकडे चालला! घेण्याआधी दुकानात पाच मिनिटं हातात धरून बघा.