विजेरी आधी बटणापाशी मरते

आमच्या माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. बंद पडलेल्या विजेऱ्या त्यात जातात, कारण टाकून द्यायला जीव होत नाही. परवा पावसाने दिवसभर घरात कोंडून घातलं तेव्हा डबा खाली काढला आणि एकेक उघडत बसलो. निघाल्या सात. त्यातली एक काही केल्या उघडेना, तिच्याकडे नंतर येतो. बाकी सहांच्या एलईडीला दोन वायरींनी थेट तीन व्होल्ट दिले, तर सहाही लख्ख पेटल्या. दिवा शाबूत, काच शाबूत, नळीला फार तर एखादा पोचा. मेलेलं होतं ते बटण, नाहीतर बटणाकडे जाणारी वाट.

दुकानात मात्र आपण विचारतो, "किती लांब उजेड जातो?" आणि दुकानदारही खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, आकडा दाखवतो. बटणाचं कुणी विचारत नाही. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात विजेरी घेऊन चिखलातून बांध ओलांडतो. पुढे मण्यार आहे की वाळकी काडी, हे त्याला ओल्या अंगठ्याच्या एका दाबात कळायला हवं असतं. त्याच्यासाठी बटण कसं आहे आणि विजेरी किती टिकते, हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे.

घरातली सर्वांत जुनी विजेरी पितळी, सरकत्या बटणाची. गावाकडे तिला कोणी विजेरी म्हणत नाही, बॅटरीच म्हणतात, आणि आत घालायचे ते सेल. तिच्यात सगळी मिळून एकच युक्ती आहे: नळी हीच तार. सेलचं बूड स्प्रिंगला टेकतं, स्प्रिंग झाकणाला, झाकण आट्यांतून नळीला. बटण पुढे सरकवलं की पितळेची एक पट्टी बल्बच्या कडेला जाऊन भिडते आणि मंडल पूर्ण होतं. पट्टी घासत जाते, त्यामुळे तिच्यावर धरलेला कळंक दर वेळी आपोआप खरवडला जातो. वर्षभर पडून राहिलेली असली विजेरी आपण चार वेळा मागे-पुढे करतो आणि ती पेटते, ती त्यामुळेच. पण बटण सरकायला नळीत खाच हवी, आणि खाच आली की पाणी आलं.

त्या काळी पहिला बळी मात्र बटणाचा जात नसे, बल्बच्या तारेचा जाई. १९७९ साली अँथनी मॅग्लिका यांनी अमेरिकेत जाड ॲल्युमिनियमच्या नळीची मॅगलाइट आणली. टिकाऊपणासाठी ती गाजली, पण तिच्याही बुडाच्या झाकणात एक जादा बल्ब ठेवलेला असे. दणकट नळीतसुद्धा तार तुटणार, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. पुढे निळी एलईडी आली, तिच्यातून पांढरी निघाली (निळीच्या शोधाला २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं), आणि तुटायला तारच उरली नाही. मग साखळीतली पुढची कच्ची कडी उघडी पडली, ती म्हणजे बटण.

आजच्या खिशातल्या विजेऱ्यांत बटणाचे ठळक प्रकार दोन. पहिलं बुडाशी असतं आणि बॉलपेनसारखं 'टिक' वाजतं. एलईडीकडे जाणारी सगळी वीज त्याच्यातूनच जाते. त्याच्या एका जातीत पूर्ण दाबल्यावर विजेरी पेटते आणि नंतर अर्धवट दाबून सोडलं की उजेड कमी-जास्त होतो. यातली गंमत अशी, की बुडातल्या बटणापासून डोक्यातल्या चिपपर्यंत निरोप न्यायला वेगळी तार नसते. अर्धवट दाबणं म्हणजे वीज क्षणभर तोडणं, एवढंच. मग चिपला कसं कळतं, की हे मिनिटभर बंद ठेवून पुन्हा लावणं नाही, उजेड बदलायची खूण आहे? बऱ्याच विजेऱ्यांत शेजारी एक चिमुकला कपॅसिटर असतो, म्हणजे थोडा वेळ विजेचा भार साठवून ठेवणारा भाग. वीज गेली की त्यातला भार हळूहळू झिरपतो. बाहेरून परतलेल्या माणसाने चुलीवर हात धरून पाहावा, ऊब असेल तर जाऊन फार वेळ झालेला नाही, तसं चिप जागी होताच कपॅसिटर चाचपते. भार शिल्लक असेल तर पुढचा उजेड.

आता ही विजेरी हातातून सुटली असं धरा. मीटरभरावरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. नळी जागच्या जागी थांबते. आतला सेल थांबत नाही. १८६५० म्हणून ओळखला जाणारा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, वजनाला ४५-५० ग्रॅम. तो एका टोकाची स्प्रिंग चेपतो, दुसऱ्या टोकाला क्षणभर सुटतो, आणि वीज तुटून परत येते. चिपला वाटतं, मालकाने बटण अर्धं दाबलं. पडलेली विजेरी उचलावी तर ती भलत्याच उजेडावर गेलेली असते किंवा वेड्यासारखी लुकलुकत असते. काहीही मोडलेलं नसतं. बटणाची भाषाच अशी, की धक्का आणि आज्ञा एकसारख्या ऐकू येतात. म्हणून चांगल्या विजेरीत सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग देतात. विकत घेताना झाकण उघडून आत डोकावणं ल्युमेनच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं.

दुसरं बटण इलेक्ट्रॉनिक, बहुधा कुशीवर. ते फक्त चिपला खूण करतं. मोठी वीज ट्रान्झिस्टर सांभाळतो, त्यामुळे बटणाची टोकं ठिणग्यांनी जळत नाहीत. मोबदल्यात चिपला अखंड अर्धवट जागं राहावं लागतं, कारण तुमचं बोट कधी येईल याचा नेम नाही. नीट घडवलेल्या विजेरीत हे जागरण काही मायक्रोअँपिअरांत भागतं. २० मायक्रोअँपिअर धरले तर ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल रिता व्हायला कागदावर १७ वर्षं लागतील, त्याआधी तो म्हातारपणानेच जाईल. पण आळशी रचनेत तेच जागरण एक मिलिअँपिअर, म्हणजे हजार मायक्रोअँपिअर, खातं, आणि मग हिशेब चार महिन्यांवर येतो. दिवाळीत भरून ठेवलेली विजेरी पहिल्या वळवाच्या पावसात ढिम्म, ती अशी.

पडण्याच्या परीक्षेत हिची खोड वेगळी. वीज तुटली की चिप सगळं विसरते आणि नव्याने जागी होते ती बंद अवस्थेत. मला हे जास्त वाईट वाटतं. लुकलुकणारी विजेरी चिखलात सापडते तरी, विझलेली कुठे शोधणार?

एकाच बटणावर किती आज्ञा लादाव्यात, याला हौशी लोकांत सुमार नाही. त्यांच्यात 'अँड्युरिल' नावाची मुक्तस्रोत प्रणाली फार लाडकी आहे. एकदा दाबलं की चालू किंवा बंद, दाबून धरलं की उजेड सलग वाढत जातो. बंद असताना तीनदा दाबलं की ती सेलचे व्होल्ट लुकलुकून मोजून दाखवते: तीन लुकलुकी, थोडं थांबून नऊ, म्हणजे ३.९ व्होल्ट. चारदा दाबलं की कुलूप. मी या प्रकारावर भाळलो होतो. मग एकदा लाइट गेली आणि आईने घाईघाईत चार वेळा बटण दाबलं. त्यानंतर दाबून धरलं तर काजव्याएवढा उजेड, सोडलं की अंधार. "बिघडली रे ही," म्हणून तिने देवघरातून काडेपेटी आणली. तिचंच बरोबर होतं.

सलग वाढणारा उजेड मात्र खरोखर उपयोगाचा. डोळ्याला दुप्पट वाटायचा तर प्रकाश चार ते आठपट करावा लागतो, आणि अंधाराला पुरते सरावलेले डोळे तयार व्हायला वीस-तीस मिनिटं जातात. मध्यरात्री पाण्याचा तांब्या शोधायला हजार ल्युमेनचा झोत तोंडावर मारणारी विजेरी ती सगळी तयारी एका झटक्यात घालवते. सुरुवात मंद उजेडाने व्हावी, बस्स.

खिशात आपोआप पेटून खिसाच तापवणं, ही इलेक्ट्रॉनिक बटणाची बदनामी. त्यावर सॉफ्टवेअरच्या कुलपापेक्षा जुना उपाय बरा: बुडाचं झाकण पाव वळसा सैल करणं. पण तो सगळीकडे चालत नाही. ॲल्युमिनियमवर जो काळा किंवा राखाडी थर असतो तो रंग नव्हे, धातूतूनच विजेच्या साहाय्याने उगवलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. रसायनाच्या हिशेबाने माणिक ज्याचं असतं तेच. जाड थर साधारण ५० मायक्रॉनचा, बारीक केसाएवढा. त्यावर किल्ली सहसा ओरखडा काढू शकत नाही, आणि त्यातून वीज जात नाही. हा थर आट्यांवरही असेल तर वीज फक्त नळीच्या उघड्या कडेतून जाते, झाकण जरा सैल झालं की तुटते. आटे उघड्या धातूचे असतील तर कितीही फिरवा, चालूच. दुकानातल्या दुकानात ही परीक्षा होते.

पाण्याचं प्रकरण दिसतं त्याहून तिरकं आहे. खोक्यावरचा 'आयपीएक्स७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ही चाचणी म्हणजे शांत पाण्यातली बुडी. पूर्ण उजेडावर ठेवलेली विजेरी हातात धरवत नाही इतकी तापते, कारण सेलच्या विजेतला मोठा वाटा प्रकाश न होता उष्णता होतो. ६० अंशांवर तापलेली विजेरी २५ अंशांच्या पाण्यात पडली तर आतली हवा निवते आणि तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. वातावरणाचा दाब दहा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, त्याचे दहा टक्के म्हणजे एक मीटर. थोडक्यात, बादलीभर पाण्यात पडूनही ती मीटरभर खोल बुडाल्यासारखीच पाणी आत ओढू पाहते. अडवायला असते झाकणापाशी एक रबरी कडी आणि बटणावरची रबरी टोपी. कडीला थोडं सिलिकॉन ग्रीस लागतं. टोपी वर्षानुवर्षं अंगठा खाऊन विरते आणि तिला भेग पडते. चार्जिंगच्या छिद्रावरचं रबरी झाकण तर त्याआधीच लोंबू लागतं. म्हणून पाणबुडे चुंबकी कड्याची विजेरी वापरतात. कडं बाहेर फिरतं, आतला संवेदक चुंबक ओळखतो, आणि नळीला बटणासाठी भोकच नसतं.

खोक्यावरच्या आकड्यांविषयी एवढंच. एफएल१ या अमेरिकी मानकात पडण्याची चाचणी किमान एक मीटरवरून काँक्रीटवर होते, आणि 'किती वेळ चालते' हा आकडा उजेड मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. हजार ल्युमेन, तीन तास असं लिहिलं असलं तरी तिन्ही तास हजार मिळत नाहीत.

राहिली ती सातवी. तिच्यात साधे अल्कलाइन सेल होते आणि ते आतच विसरले गेले. अशा सेलमधलं जस्त हळूहळू हायड्रोजन सोडत राहतं, दाब वाढून तोंडाची सील फुटते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पांढरा भुगा होतो, पण त्याआधी ते ॲल्युमिनियम खातं, माणकाच्या जातीच्या त्या थरासकट. आटे एकजीव झालेत. फटीत व्हिनेगर सोडून पाहिलं, थोडं फसफसलं. पक्कड लावून, नळीभोवती सायकलची ट्यूब गुंडाळून ताकद लावली. झाकण हललं नाही. बुडाचं बटण मात्र दाबलं की अजून टिक वाजतं, नव्यासारखं.