‘नंतर मोकळी करू’ म्हटलं की मेमरी सुरक्षित होते का?

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोड लिहिणाऱ्यांमध्ये एक समज बरीच वर्षं फिरतो आहे: मेमरी मोकळी करायचं काम पुढे ढकललं की, कुणी ती अजून वापरत असण्याचा धोका टळतो.

समज निराधार नाही. लिनक्समधली आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) पद्धत वरवर तशीच दिसते. पण तिथे सुरक्षितता वेळेतून नाही, क्रमातून येते. आधी वस्तू यादीतून काढायची, म्हणजे नवा वाचक (ती वाचणारा कोड) तिच्यापर्यंत पोचत नाही. मग आधीपासून आत असलेले सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबायचं. त्यानंतरच मेमरी परत. कुणी रीड-लॉक (वाचन चालू असल्याची खूण) सोडल्यावरही पॉइंटर, म्हणजे वस्तूचा पत्ता, जवळ ठेवला (आणि रेफरन्स काउंट, म्हणजे वापरणाऱ्यांची मोजणी, वाढवला नाही), तर ही सगळी वाट पाहणी वाया.

मॉड्यूल (कर्नलला चालू असताना जोडता-काढता येणारा कोड) काढताना हे जास्त बोचतं. सिंक्रोनाइझ-आरसीयू हे फंक्शन वाचकांसाठी थांबतं, रांगेतल्या कॉलबॅकसाठी (नंतर चालवायला ठेवलेल्या फंक्शनसाठी) नाही. नवे कॉलबॅक टाकणं बंद करून त्या कॉलबॅकसाठी थांबणारं आरसीयू-बॅरियर लावावं लागतं; नाहीतर कॉलबॅकची पाळी येईल तेव्हा त्याचा कोडच मेमरीत नसेल.

पडताळायला केसॅन आणि प्रूव्ह-आरसीयू ही कर्नलमधली तपासणी साधनं चालू करून कर्नल बिल्ड करा. पहिलं मोकळ्या झालेल्या मेमरीचा वापर पकडतं, दुसरं लॉकविना केलेलं वाचन. चाचणीत न चाललेला कोड मात्र दोघांनाही दिसत नाही. म्हणून कॉमेंटमध्ये नुसतं ‘नंतर मोकळं होतं’ नको. पॉइंटर कोणत्या लॉकखाली, कुठवर वैध आहे, ते लिहा.