अंगावरून वारं गेल्यानंतर: थेरपिस्टच्या कामाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अर्धांगवायूला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात आणि पुष्कळ घरांत त्यावर आधी तेलाची मालीशच सुरू होते. त्यात हसण्यासारखे काही नाही. १८९४ साली ब्रिटनमध्ये चार परिचारिकांनी फिजिओथेरपीची जी पहिली संघटना स्थापन केली, तीही मालीश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांचीच होती.

मेंदूच्या आजारातले थेरपिस्टचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बदलू लागले. लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांना पक्षाघाताच्या रुग्णावर उपचार करताना असे आढळले, की शरीराची ठेवण बदलली की ताठरलेला हात सैल पडतो. तेव्हा शिकवायचे ते मेंदूला, हा विचार रुजला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी उठणे, चालणे, वस्तू उचलणे अशा प्रत्यक्ष कामांच्याच सरावावर भर दिला.

कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले आणि पोलिओच्या साथीनंतर, त्याच दशकाच्या आरंभी, तेथेच फिजिओथेरपीचे विद्यालयही निघाले. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे निपाणीत विडीवरून चटकन समजावे: पान कातरणे, तंबाखू भरून वळणे, तोंड मुडपणे, दोरा बांधणे, यांतली कोणती हालचाल हाताला जमत नाही हे पाहून तेवढीच पुन्हा शिकवायची.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६५ साली म्हैसुरात वाचा व श्रवणासाठीची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. सीमाभागाच्या दृष्टीने मला हाच धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पक्षाघाताने वाचा गेलेल्या बहुभाषिक रुग्णांच्या सर्व भाषा सारख्या परत येतातच असे नाही. पूर्वी अधिक वापरात असलेली भाषा बहुधा आधी परतते, असे फ्रेंच डॉक्टर आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्येच मांडले होते. पुढे या नियमाला अपवाद पुष्कळ सापडले, म्हणूनच घरी मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या माणसाची तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. भाकरीचे चित्र दाखवल्यावर ज्याच्या तोंडून ‘रोट्टी’ निघत नाही, त्याला ‘भाकरी’ आठवते का, हे स्पीच थेरपिस्टने विचारल्याशिवाय कळणार नाही.